गाढवाला गाढव न म्हणणारे शास्त्रीबुवा

शास्त्रीबुवांना आयुष्यात साधं गाढव कधी भेटलं नाही. रस्त्यात भेटली असतील ती शेकड्यांनी. इजिप्तमध्ये राहून गाढव टाळणं कुणाला जमलंय? पण शुभवर्तमानात गाढव आलं की बुवा जागच्या जागी थबकत, डोळे मिटत, आणि उघडत तेव्हा समोर गाढव नसे. कधी तिथे अख्खी प्रजा उभी असे, कधी जुना करार, कधी प्रत्यक्ष प्रभूचा देह. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात येशू यरुशलेमात शिरतो तेव्हा एक गाढवी आहे आणि बरोबर तिचं शिंगरूही आहे. दोन जनावरं! दुसरा कुणी म्हणाला असता, लेकरू आईच्या मागे आलं असेल. बुवांना असलं उत्तर परवडत नाही. ख्रिस्ती लेखक जस्टिननं दुसऱ्या शतकातच निकाल देऊन ठेवला होता: जुंपून सरावलेली गाढवी म्हणजे यहुदी, आणि पाठीवर कधी ओझं न घेतलेलं शिंगरू म्हणजे परराष्ट्रीय. पुढे अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनला त्याच जोडीत जुना आणि नवा करार दिसला. गाढवांचं मत घ्यायची पद्धत तेव्हाही नव्हती.

हे शास्त्रीबुवा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. ती शुभवर्तमानांवर भाष्य करणाऱ्यांची एक जमात आहे, आणि सोयीसाठी मी तिला एकच पागोटं घालतो आहे. या हिशेबानं बुवांचं वय साधारण तीनशे वर्षं. दुसऱ्या शतकात ते रोम आणि ल्योनच्या बाजूला दिसतात, तिसऱ्यात अलेक्झांड्रिया आणि कैसरियात त्यांचा ऐन भर असतो, चौथ्या-पाचव्यात बेथलेहेममध्ये जेरोमच्या आणि उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो बंदरात ऑगस्टीनच्या नावानं वावरतात. ग्रीकची लॅटिन झाली, छळ सोसणारा धर्म राजमान्य झाला, पण बुवांचा स्वभाव तसूभर हलला नाही. कारण तो एका श्रद्धेवर उभा आहे: देवाच्या पुस्तकात फुकटचा शब्द नसतो. तुमच्या-माझ्या गोष्टीत एखादा रांजण नुसता कोपऱ्यात पडून राहील. शुभवर्तमानात कुणालाही, कशालाही बेकार बसायची मुभा नाही. काना गावच्या लग्नात पाण्याचे सहा दगडी रांजण होते, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावे. ऑगस्टीनच्या लेखी सहा रांजण म्हणजे जगाची सहा युगं. ओरिजेनची नजर त्या ‘दोन-तीन’वर गेली: काही वचनांना दोन अर्थ असतात, काहींना तीन, असं योहान सुचवतो आहे! लग्नघरात द्राक्षारस संपला होता आणि पाहुणे ताटकळले होते, ही बाब दोघांनाही दुय्यम वाटली.

बुवांचा खरा थाट पाहायचा तर लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला त्यांच्या हाती द्यावा आणि आपण भिंतीला टेकून बसावं.

गोष्ट शाळकरी पोरालाही कळेल अशी आहे. एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू सांगतो, एक माणूस यरुशलेमहून यरीहोला निघाला. रस्ता खराच उताराचा: यरुशलेम डोंगरावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, आणि मध्ये ओसाड दऱ्याखोरी. चोरांनी त्याला गाठलं, कपडे काढून घेतले, मारलं आणि अर्धमेला टाकून गेले. एक याजक आला, पाहून पलीकडून गेला. मंदिरात सेवा करणारा लेवीही तसाच गेला. मग आला शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीनं ज्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये असा माणूस. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं, आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जास्त खर्च आला तर परतताना देईन, म्हणाला. यांतला शेजारी कोण ठरला? ज्यानं दया केली तो. मग जा आणि तूही तसंच कर.

बुवा हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग बाह्या सावरतात.

तो माणूस? आदाम. यरुशलेम? नंदनवन किंवा स्वर्गीय नगरी. यरीहो? ओरिजेन म्हणतो जग. ऑगस्टीन म्हणतो चंद्र, कारण चंद्र वाढतो, क्षीण होतो, मावळतो, आणि मर्त्य माणसाचं तेच होतं. चोर म्हणजे सैतान आणि त्याचे दूत. त्यांनी काढून नेले ते कपडे नव्हते, ते अमरत्व होतं. अर्धमेला का? देवाला ओळखण्यापुरता जिवंत, पापापुरता मेलेला, हिशेब चोख. याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, आणि शोमरोनी अर्थातच प्रभू. तेल म्हणजे आशेचं सांत्वन, द्राक्षारस म्हणजे उत्साहानं काम करण्याचा उपदेश. जनावर म्हणजे प्रभूनं धारण केलेला देह. उतारशाळा म्हणजे ख्रिस्ती मंडळी, येईल त्या सगळ्यांना घेणारी. ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे पुनरुत्थानानंतर. दोन दीनार म्हणजे ओरिजेनकडे पिता आणि पुत्र. ऑगस्टीनकडे प्रीतीच्या दोन आज्ञा, आणि ते न पटल्यास या जन्मीचं आणि पुढच्या जन्मीचं आश्वासन. बुवांकडे एका नाण्याची एवढी मोड मिळते. परतताना देईन, म्हणजे दुसरं आगमन. आणि उतारशाळेचा मालक? ऑगस्टीन शांतपणे सांगतो: प्रेषित पौल.

इथे माझ्यासारख्याला राहवत नाही. येशू ही गोष्ट सांगत होता तेव्हा पौल प्रेषित झालेलाच नव्हता. पुढेही काही काळ तो या लोकांना धरून तुरुंगात टाकत होता. पण बुवांना काळाची अडचण कसली! कल्पना करा, त्या रस्त्यावरचा एखादा खराखुरा उतारशाळावाला हिप्पोच्या चर्चमध्ये मागच्या बाजूला उभा आहे.

“महाराज, दोन दिवसांच्या मजुरीत जखमी माणसाचं औषधपाणी, खाणं, अंथरूण... वर उधारी. मला कुणी विचारलं का?”

“बाबा, तू तू नाहीस. तू पौल आहेस.”

“बरं. मग उरलेले पैसे पौलाकडे मागू का?”

बुवा यावर रागावत नाहीत. उरलेले पैसे म्हणजे काय हेही त्यांच्याकडे तयार असतं: पौलानं स्वतःच्या हातानं कष्ट करून पोट भरलं आणि मंडळीवर भार टाकला नाही, ते वरकड.

या व्याख्येबद्दल ओरिजेननं एक गंमत केली आहे. लूकवरच्या चौतिसाव्या प्रवचनात हा सगळा उलगडा तो आपल्या नावावर घेत नाही. वडीलधाऱ्यांपैकी एकाचं असं म्हणणं होतं, असं सांगतो. बुवांचा हा जुना रिवाज आहे. ओढाताण फार झाली की ती वडिलांच्या नावावर टाकावी. मात्र ही ओढाताण लोकांना प्रचंड आवडली, हेही खरं. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातली रंगीत काचेची एक उंच खिडकी आहे. तिच्यात खालच्या भागात शोमरोन्याची गोष्ट, आणि तिच्या डोक्यावर आदाम-हव्वेची. तळाशी जोडे शिवणारे कारागीर कामात गढलेले दिसतात. अक्षर न वाचता येणारा माणूसही मान वर करून समजून जाई की रस्त्यावर पडलेला तो आपलाच मूळपुरुष. म्हणजे बुवांचं बोलणं काचेत बसलं आणि त्यातून ऊन आत येऊ लागलं. माझ्यासारख्या शंकेखोराचं काही काचेत बसत नाही.

बुवांना हसणं सोपं आहे. ते असे का झाले हे पाहायला थोडी मेहनत लागते. अलेक्झांड्रियात ही विद्या ख्रिस्ताच्या आधीपासून होती. होमरचे देव एकमेकांच्या बायका पळवतात, हे शिकल्यासवरल्या ग्रीकांना अवघडल्यासारखं होई. म्हणून स्टोइक पंडितांनी त्या देवांची पंचमहाभूतं करून टाकली. त्याच शहरातल्या फायलो या यहुदी पंडितानं मोशेच्या ग्रंथांवर तोच प्रयोग केला. ओरिजेननं ही हत्यारं शुभवर्तमानाकडे वळवली. पोर्फिरी या विरोधकानं तर चक्क आरोप केला की याची शिकवणी ग्रीक, आणि ती लावली परक्यांच्या पोथ्यांना.

दुसरं असं की ओरिजेन मूळ मजकूर आपल्यापेक्षा जास्त बारकाईनं वाचत असे. सैतान येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं दाखवतो. ओरिजेन विचारतो, पर्शियन, सिथियन, हिंदुस्थानी आणि पार्थियन यांची राज्यं एका डोंगरावरून या डोळ्यांना दिसतील असा डोंगर कुठला? हिंदुस्थानची आठवण त्यानं या निमित्तानं काढली, याबद्दल आपण त्याचे आभारी असावं. तुझ्या उजव्या गालावर कुणी मारलं तर डावा पुढे कर, हे वचन आपण सगळ्यांनी ऐकलेलं, त्यावर भाषणंही ठोकलेली. ओरिजेन थांबतो आणि म्हणतो, मारणारा उजव्या हाताचा असेल तर चपराक डाव्या गालावर बसेल. उजव्यावर बसायला मारणारा डावरा हवा. इतक्या शतकांत किती जणांनी हा हिशेब केला असेल? योहान मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग सुरुवातीला घालतो, बाकीचे तिघे शेवटी. आपण हे चालवून घेतो. ओरिजेन चालवून घेत नाही. तो म्हणतो, असे दगड वाटेत मुद्दाम ठेवले आहेत, वाचणाऱ्याला ठेच लागावी आणि त्यानं खाली वाकून पाहावं म्हणून. ठेच त्याला खरी लागली होती, ढोंग नव्हतं. आपल्याला लागत नाही, कारण आपण वाचताना पाय उचलतच नाही.

आणि मराठी माणसानं तर बुवांना परकं मानायचं कारणच नाही. एकनाथांचं भारूड रंगात आलं, विंचू चावला म्हणून सोंग उड्या मारू लागलं, तरी प्रेक्षकांतून कुणी वैद्याला बोलवायला धावत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं तो विंचू कोण. फरक इतकाच की एकनाथांनी विंचू रूपक म्हणूनच सोडला होता. शोमरोन्याचं जनावर जखमी माणसाला चालवत नव्हतं म्हणून आलं होतं.

आता आकडे. आकडा दिसला की बुवांचा चेहरा सणासारखा उजळतो.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळं टाकतात, काही मिळत नाही; पहाटे येशूच्या सांगण्यावरून टाकतात आणि १५३ मोठे मासे लागतात. कोळी मासे मोजतोच, त्याला ते वाटून घ्यायचे असतात. पण बुवांना वाटणीशी कर्तव्य नाही. ऑगस्टीन म्हणाला: नियमशास्त्राच्या आज्ञा दहा, पवित्र आत्म्याची दानं सात, बेरीज सतरा. आता एकपासून सतरापर्यंतचे आकडे एकाखाली एक मांडा आणि मिळवा. मांडून पाहा, १५३ येतात! पोप ग्रेगरीनं सतरा धरले, त्यांना तिनानं गुणलं, आलेल्या एक्कावन्नाला पुन्हा तिनानं गुणलं, तिथेही १५३. अलेक्झांड्रियाच्या सिरिलनं बेरीज-गुणाकाराचा खटाटोपच केला नाही: शंभर म्हणजे परराष्ट्रीय, पन्नास म्हणजे इस्राएलातले निवडलेले, तीन म्हणजे त्रैक्य. आणि जेरोमनं सरळ प्राणिशास्त्र काढलं: जाणकारांच्या मते माशांच्या जाती १५३ आहेत, म्हणजे माणसांच्या सगळ्या जाती जाळ्यात आल्या. त्यासाठी त्यानं ओपियन या कवीच्या माशांवरच्या काव्याचा हवाला दिला. पुढे लोकांनी ते काव्य काढून मासे मोजले. १५३ भरले नाहीत. चार पंडित, चार वाटा, उत्तर एकच. गणितात याला उत्तर माहीत असताना सोडवलेलं उदाहरण म्हणतात, आणि मास्तर त्याचे गुण देत नाहीत.

बेथेस्दाच्या तळ्याशी अडतीस वर्षं पडून असलेला एक आजारी माणूस आहे. अडतीस वर्षं! तुमच्या-आमच्या पोटात कालवतं. ऑगस्टीनच्या मनात वजाबाकी सुरू होते: पूर्णत्वाची संख्या चाळीस, अडतीसला दोन कमी, आणि त्या दोन म्हणजे देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती. त्या दोन नव्हत्या म्हणून तो आजारी होता. येशूनं लोकांना वाटलेल्या पाच भाकरी म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्या जवाच्या होत्या, कारण जवाचं टरफल चिवट असतं आणि जुन्या कराराचा अर्थही तसाच सहजी सुटत नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या शोमरोनी बाईचे पाच नवरे म्हणजे पाच इंद्रियं. त्या बाईला भर दुपारी एकटीला पाण्याला का यावं लागलं असेल, यावर विचार करायला पाच इंद्रियांतलं एकही मोकळं राहत नाही.

पण आकड्यांत आमच्या बुवांनाही कच्चं खाणारे होते. दुसऱ्या शतकातले व्हॅलेंटिनसपंथी मानत की परिपूर्ण दिव्यलोकात तीस तत्त्वं आहेत. पुरावा? द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक मजुरांना पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या ताशी बोलावतो. एक, तीन, सहा, नऊ, अकरा: बेरीज तीस! हे ऐकून ल्योनच्या इरेनियसचं डोकं फिरलं. इ.स. १८०च्या सुमारास त्यानं या मंडळींविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात त्यांची जी टर उडवली ती आजही ताजी आहे. तुम्ही मनाला येतील ती तत्त्वं निर्माण करता, तर मीही करतो, म्हणून त्यानं भोपळा, काकडी आणि खरबूज यांचं एक दिव्यकुळ जन्माला घातलं. तुमचा तीस तर माझा पाच, म्हणून त्यानं पाच भाकरी, पाच शहाण्या कुमारी, पाच बोटं, पाच इंद्रियं यांची माळ लावून दाखवली. राजाचं रत्नजडित चित्र उखडायचं आणि त्याच रत्नांचा कोल्हा जुळवायचा, असं त्यानं या विद्येचं वर्णन केलं. मी टाळी वाजवणार होतो. तेवढ्यात तोच इरेनियस सांगू लागला की शुभवर्तमानं चारच का, तर दिशा चार आणि मुख्य वारे चार. कोल्हा ओळखणाऱ्याच्याही हातात रत्नं खुळखुळत होतीच.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात चांगल्या जमिनीत पडलेलं बी कुठे शंभरपट, कुठे साठपट, कुठे तीसपट पीक देतं. शेतकरी म्हणेल, जमीन जमिनीचा गुण. जेरोम स्वतः ब्रह्मचारी, त्यानं गुणवाटप केलं: शंभर कुमारिकांना, साठ विधवांना, तीस संसारी लोकांना. त्यानं रोमन पद्धतीची बोटमोजणीही पुराव्यात घेतली: तीस मोजताना दोन बोटं चुंबनासारखी जुळतात, म्हणजे नवराबायको, साठाला अंगठा दाबला जातो, म्हणजे विधवा, शंभरला मोजणी डाव्या हातावरून उजव्यावर जाते, म्हणजे मुकुट. ऑगस्टीननं शंभर हुतात्म्यांना दिले आणि कुमारिकांना साठावर आणलं. विधवांची सोय त्या यादीत राहिली नाही. संसारी माणसाला मात्र दोन्ही परीक्षकांनी तीसच दिले. पास व्हायला पस्तीस लागतात, ही आपली पुढची व्यवस्था त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हती म्हणून बरं.

एवढं बोलून ओरिजेनबद्दल दोन शब्द वेगळे सांगायलाच हवेत, कारण बुवांच्या साऱ्या अवतारांत हाच सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत दुर्दैवी. इ.स. २०२मध्ये अलेक्झांड्रियात छळ सुरू झाला, वडील लिओनिडस धरले गेले आणि पुढे मारले गेले. सतराव्या वर्षातलं हे पोर स्वतः जाऊन हुतात्मा व्हायला निघालं. आईनं समजावलं, विनवलं. शेवटी तिनं त्याचे सगळे कपडे लपवून ठेवले. उघडा कसा जाणार? राहिला घरात. इतिहासकार युसेबियसनं ही हकिगत लिहून ठेवली आहे. यरीहोच्या रस्त्यावर कपडे जाणं म्हणजे अमरत्व जाणं. इथे कपडे गेले म्हणून पोरगा वाचला. त्या माउलीला रूपक कळत नव्हतं, पोरगा कळत होता. त्याच युसेबियसनं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःला नपुंसक करून घेणाऱ्यांबद्दल मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक वचन आहे. तरुणपणी ओरिजेननं ते शब्दशः घेतलं आणि अंमलात आणलं. आजचे काही अभ्यासक ही कथा खरी मानत नाहीत. खरी असेल तर माणसानं आयुष्यभर एकच वचन अक्षरशः वाचलं आणि नेमकं हेच. म्हातारपणी मत्तयावर भाष्य लिहिताना त्यानं हे वचन अक्षरशः घेऊ नका, असं बजावलं आहे.

पुढे त्याला अँब्रोज नावाचा एक धनवान आश्रयदाता मिळाला. त्यानं सातापेक्षा जास्त लघुलेखक दिले, ते पाळीपाळीनं लिहून घेत. तितकेच नकलनवीस दिले, आणि वर सुंदर अक्षर काढणाऱ्या मुली. बुवा बोलत आहेत, लेखक थकत आहेत, बदलत आहेत, बुवा थकत नाहीत. मग २५०च्या सुमारास सम्राट डेशियसच्या छळात त्याला म्हातारपणी तुरुंगात टाकून हालहाल केले. त्यानं धर्म सोडला नाही आणि त्या हालांनी खचून काही वर्षांत तो गेला. ज्या धर्मासाठी त्यानं हे सोसलं, त्याच धर्माच्या धुरीणांनी ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याला पाखंडी ठरवलं. याला कसलं रूपक म्हणायचं ते बुवांनीच सांगावं.

बुवांच्या शेजारी एक भांडखोर आळी होती: अंत्युखिया. तिथल्या लोकांना इतिहासाची आणि व्याकरणाची आवड, म्हणजे थोडक्यात ते रुक्ष. मोप्सुएस्तियाचा थिओडोर वैतागून लिहितो की या लोकांच्या लेखी आदाम हा आदाम नाही, नंदनवन नंदनवन नाही आणि साप सापही नाही. त्याच आळीतल्या ख्रिसोस्तोमनं त्या द्राक्षमळ्याच्याच दाखल्यावर प्रवचन करताना सांगितलं की दाखल्यातला शब्दन् शब्द उकरत बसू नये, तो कशासाठी सांगितला ते पाहावं आणि पुढे जावं. शहाणपणाचं बोलणं. शहाणपणाच्या बोलण्याला असते तेवढीच गर्दी त्यालाही झाली.

बुवांचा एक दोष मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. त्यांच्या रूपकांत वाईट भूमिका आली की ती ठरलेल्या माणसांकडे जाते. ओझ्याची गाढवी यहुदी. जखमीला ओलांडून जाणारे याजक-लेवी म्हणजे यहुद्यांचं नियमशास्त्र आणि संदेष्टे. पाच भाकऱ्या जवळ बाळगूनही न खाणारा पोरगाही इस्राएल. सांगणारा येशू यहुदी, ऐकणारा शास्त्री यहुदी, आणि ज्याचा तिटकारा करायचा त्या परक्याला गोष्टीत थोर ठरवलेलं. त्या गोष्टीचं बुवांनी काय केलं? परका निघून गेला, प्रभू आला, आणि तिटकारा पत्ता बदलून तसाच राहिला. माझ्या मते दाखला तिथेच मेला, अर्धमेला नव्हे.

पुढची हकिगत थोडक्यात. ल्यूथरनं ओरिजेनच्या रूपकांना झोडपलं आणि स्वतः शोमरोन्यावर प्रवचन करायला उभा राहिला तेव्हा शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, असंच सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मनीत अ‍ॅडोल्फ युलिशर या पंडितानं दोन खंड लिहून बुवांना घराबाहेर काढलं: दाखल्याला मुद्दा एकच असतो, बाकीचा तपशील गोष्ट चालावी म्हणून. आपल्या महानुभावांनी दृष्टान्ताखाली लगेच दार्ष्टान्तिक, म्हणजे त्याचा उलगडा, बांधून ठेवण्याची जी खबरदारी घेतली, ती यासाठीच असावी. १९३५ साली सी. एच. डॉड या अभ्यासकानं दाखल्यांवर पुस्तक लिहिलं ते ऑगस्टीनचा शोमरोनी पहिल्याच पानांत उभा करून, असं करू नये याचा नमुना म्हणून. पण बुवा मागच्या दारानं हसत परत आले. कारण मार्कच्या चौथ्या अध्यायात येशू पेरणाऱ्याचा दाखला शिष्यांना स्वतः उलगडून सांगतो: बी म्हणजे वचन, पाखरं म्हणजे सैतान, काटे म्हणजे संसाराच्या चिंता. बुवांची पद्धत, हुबेहूब. युलिशर आणि त्याच्या चेल्यांना म्हणावं लागलं की हा उलगडा येशूचा नव्हेच, नंतरच्या मंडळीनं घातला. म्हणजे मजकुरात जे लिहिलं आहे ते तसं नाही, त्यामागे दुसरंच काही आहे! बुवांनी हे वाक्य ऐकलं असतं तर युलिशरला जवळ बोलावून शेजारी बसवून घेतलं असतं.

ओरिजेननं अलेक्झांड्रियात असताना योहानाच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहायला घेतलं होतं. प्रस्तावना धरून अख्खा पहिला खंड पहिल्या वचनाच्या पहिल्याच तुकड्यावर खर्च झाला. लेखक बदलत राहिले, शहर बदललं, खंड वाढत गेले. त्यातले बरेचसे हरवले. जे हाती आहेत त्यांतला शेवटचा बत्तिसावा. तो संपतो तेव्हा बुवा तेराव्या अध्यायात आहेत. मासे एकविसाव्यात आहेत.